चौऱ्याण्णव

लिनक्स वापरणाऱ्या माणसाला घरात तक्रार करायची सोय नसते. इतरांचा लॅपटॉप अडला तर लॅपटॉप वाईट, आपला अडला तर "तुलाच हौस होती ना!" माझ्या जुन्या लॅपटॉपने नवं विंडोज घ्यायला नकार दिला तेव्हा मी त्याच्यावर उबुंटू चढवलं. तेव्हापासून घरातले दिवे गेले तरी बायको आधी माझ्या टेबलाकडे बघते.

म्हणून नेट रखडतंय हे मी बरेच दिवस बोललोच नाही. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. बायकोच्या फोनवर, वाय-फायवर, दोन भिंतींपलीकडच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना अडीचशेच्या पुढे वेग. आणि मी, भिंतीतून आलेली खास तार लॅपटॉपला जोडून बसलेला, ९४ वर. सकाळी ९४, मध्यरात्री ९४, सगळी सोसायटी क्रिकेट बघत असतानाही ९४.

"मग काढ ना ती तार," बायको म्हणाली. सल्ला बिनतोड होता, म्हणूनच झोंबला. तार वाय-फायपेक्षा श्रेष्ठ, हे माझं तत्त्व आहे. आणि घरात निदान एकजण तरी माझ्या बाजूने होता. उबुंटूतला नेटवर्कमॅनेजर तारेला १०० आणि वाय-फायला ६०० असा क्रमांक देतो. ज्याचा क्रमांक लहान, त्याचा मान पहिला. दोन्ही जोडलेले असले तर वेगाची चौकशी न करता तो तारेनेच जातो.

कंपनीला फोन लावला. "सर, विंडोजचं व्हर्जन कोणतं?" फोनवरच्या मुलीने विचारलं. मी "लिनक्स" म्हणालो. पलीकडे एवढी शांतता पसरली की मला तिचंच वाईट वाटलं. मग तिने मोडेम बंद करून चालू करायला सांगितला. केला. ९४.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळं येतं. "मामा, ड्रायव्हरचा लोचा असणार," तो बूट काढता काढताच म्हणाला. माझ्या लॅपटॉपमध्ये रिअलटेकचं कार्ड आहे. त्याच्यासाठी लिनक्सच्या कर्नलमधला ड्रायव्हर आर८१६९, आणि खुद्द कंपनीने काढलेला आर८१६८. यातला कोणता बरा, यावरून चांगली शिकलेली माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात. भाच्याने एक काढून दुसरा घातला, दुसरा काढून पुन्हा पहिला घातला. वीज वाचवण्याची सोय असते, तीही बंद केली. चहा दोनदा झाला. ९४.

मग त्याने राउटरच बाजूला केला. भिंतीतल्या तारेच्या एका टोकाला माझा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला त्याचा, आणि मध्ये आयपर्फ३ नावाचा वेग मोजणारा प्रोग्राम. तिथेही ९४. म्हणजे इंटरनेट कंपनी निर्दोष सुटली. मला हे मुळीच आवडलं नाही.

"मामा, तुझं नेट मंद नाहीये," तो म्हणाला. "मंद असतं तर आकडा वर-खाली झाला असता. हे शंभरच्या जोडणीवर अगदी फुल स्पीडने चाललंय." तारेवरून १५३८ बाइट जातात तेव्हा आपल्या पदरात १४४८ पडतात, बाकीचे पत्ते, शिक्के आणि मधल्या मोकळ्या जागेत खर्ची पडतात. शंभरातले ९४ हातात येतात ते असे. ईथटूल चालवून पाहिलं, तर स्पीडपुढे खरोखरच १०० लिहिलेलं. कार्ड हजाराचं, राउटरचं पोर्ट हजाराचं आणि जोडणी शंभराची!

याचं उत्तर कर्नलने केव्हाच लिहून ठेवलं होतं. डीमेसेज ही आज्ञा दिली की तो दिवसभराचं मनातलं सगळं बोलून दाखवतो. त्या गर्दीत एक ओळ होती, तिचा मथितार्थ असा: ठरला होता एक गिगाबिट, प्रत्यक्षात आले शंभर मेगाबिट, केबलिंग तपासा! हे उद्गारचिन्ह माझं नाही, कर्नलचं आहे. लॅपटॉप सुरू झाला की रोज तो हे ओरडत होता, आणि जिथे कोणी फिरकत नाही अशा कोपऱ्यात ओरडत होता. लिनक्सचा स्वभावच आहे तो.

हे घडतं ते लग्नाच्या बैठकीसारखं. तार जोडली की दोन्ही टोकं आधी बोलणी करतात. हजार झेपतील? झेपतील. तुमच्याकडे? आमच्याकडेही. ही बोलणी तारांच्या पहिल्या दोन जोड्यांवरच उरकतात. मग पंगत बसते तेव्हा कळतं की उरलेले दोन आचारी आलेलेच नाहीत. गाजावाजा न करता हजारांची पंगत शंभरावर येते आणि यजमान हसतमुखाने वाढत राहतात. १९९५ च्या शंभरवाल्या इथरनेटला आठांतल्या चारच तारा पुरतात. १९९९ मध्ये आलेल्या गिगाबिटला आठही लागतात, एक कमी चालत नाही.

भाच्याने भिंतीवरची पट्टी उघडली. नारिंगी जोडी जागेवर, हिरवी जागेवर. तपकिरी जोडी कापून मागे मुडपलेली. आणि निळी? निळी जोडी पट्टीच्या मागून निघून थेट सोसायटीच्या इंटरकॉमला गेलेली. आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी हिशेबी माणूस येऊन गेला असणार. एका तारेत नेटही आणि वॉचमनही. माझ्या मते काम अव्वल होतं.

"निळी इकडे घेतली की झालं," भाचा पक्कड शोधत म्हणाला.

"इंटरकॉमला हात लावायचा नाही," स्वयंपाकघरातून आवाज आला. "दूधवाला, कुरिअर, गॅस, सगळे त्याच्यावरून येतात. तुझ्या हजारावरून काय येतं?"

याला ईथटूलमध्ये उत्तर नाही. भिंत फोडून नवी केबल ओढायचा विषय दिवाळीनंतरवर गेला, म्हणजे गेलाच. सध्या मी तारेचा क्रमांक १०० वरून ७०० वर नेला आहे. आता लॅपटॉप मुकाट वाय-फायने जातो, मला २६० मिळतात, आणि तार जोडलेलीच आहे.

"मग ती ठेवलीस कशाला, मामा?" भाच्याने विचारलं.

मी त्याला म्हटलं, तू आधी ती पट्टी नीट बसव.