पाणाड्या

जमिनीखालचे पाणी नेमके कोठे आहे हे यंत्राविना सांगणाऱ्या माणसास ग्रामीण महाराष्ट्रात पाणाड्या म्हणतात, आणि विंधन विहीर, म्हणजे लोकांच्या तोंडची बोअर, घेण्यापूर्वी त्याला बोलावणे मुहूर्त काढण्याइतकेच अगत्याचे समजले जाते. तो पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला असल्यास उत्तम. या गोष्टीची साक्ष देऊ शकणारी सुईण बहुधा कधीच निवर्तलेली असते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला, किंवा दोन्ही मुठींत धरलेली बेचक्यासारखी ओली फांदी झुकली, की तेथे दगड ठेवला जातो. नकळत होणाऱ्या स्नायूंच्या सूक्ष्म हालचालीने असे घडते, हे विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्येच मांडले. मात्र ते बांधापर्यंत पोहोचलेले नाही.

भूवैज्ञानिक ‘शक्यता आहे’ म्हणतो, तर पाणाड्या ‘दीडशे फुटांवर दोन इंची पाणी’ असे सांगून मोकळा होतो, आणि फुटागणिक पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्यास शक्यतेपेक्षा हा आकडाच अधिक शास्त्रीय वाटतो. शिवाय दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हारसापासून बनलेला काळा कातळ, पाणाड्याचा पक्का साथीदार आहे. या कातळात पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांतच साठत असल्याने एका बोअरला पाणी लागते आणि हाकेच्या अंतरावरील दुसरीतून नुसता फुफाटा उडतो. त्यामुळे तमिळनाडूतील तिरुचेंगोडहून आलेल्या बोअरच्या गाडीने साडेतीनशे फूट धूळ काढल्यावर, ‘गाडीवाल्याने दगडापासून हातभर सरकून मारली’ हा त्याचा खुलासा भूशास्त्राच्या कसोटीवरही सहजासहजी खोटा पाडता येत नाही. पाणी लागलेल्या बोअरी तो गावानिशी सांगतो. कोरड्या बोअरी ज्याच्या त्याच्या नशिबाच्या खाती जमा होतात.

कृषी पदवी घेतलेला मुलगा हल्ली विद्युतरोध सर्वेक्षण, म्हणजे जमिनीत वीज सोडून खडकाचा रोध मोजण्याची तपासणी, करून घेतो, आणि वडील ती मुकाट्याने होऊ देतात. त्यानंतर यंत्राने दाखवलेली जागा बरोबर आहे की नाही, हे तपासण्यासाठी पाणाड्यास बोलावले जाते. तो त्या जागी ठोकलेल्या खुंटीभोवती एक फेरी मारतो, पोराच्या शिक्षणाचे मनापासून कौतुक करतो आणि तेथून सात पावले दक्षिणेस जाऊन दगड ठेवतो. गाडी दगडावर उभी राहते.