कोंबडीच्या सुखाचा दाखला

पूर्वी अंडी घेणं सोपं होतं. वाण्याला डझन सांगायचं, तो कागदात गुंडाळून द्यायचा, घरी येईतो एखादं फुटलं तर नशीब. आता सुपरमार्केटात अंड्यांचा डबा हातात घेतला की आधी वाचन करावं लागतं. डब्यावर हिरवंगार कुरण, मागं डोंगर आणि कोंबडीच्या चेहऱ्यावर नुकतीच माथेरानला हवापालट करून आल्यासारखा भाव. खाली शिक्का : पिंजरामुक्त, प्रमाणित. अंडी सहाच, पण तपकिरी, त्यामुळे भाव विचारू नये. (कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, सुखदुःखावर नाही. पण हे ओरडून सांगून आपला भाव कोण पाडून घेईल?)

युरोपात अंड्यावरच आकडा छापतात. ० सेंद्रिय, १ मोकळं फिरणारीचं, २ शेडमधलं, ३ पिंजऱ्यातलं. साधे बॅटरी पिंजरे तर त्यांनी २०१२च्या १ जानेवारीपासून बंदच केले. आपल्याकडे आकड्याऐवजी कुरणाचं चित्र आहे. चित्राला कोर्टात खेचता येत नाही.

समजा, दाखला देणारे साहेब आमच्या आक्काच्या परड्यात आले.

‘‘धूलिस्नानाची सोय आहे का?’’

‘‘कशाची?’’

‘‘कोंबड्यांना मातीत लोळायला जागा.’’

‘‘लोळू नका म्हणायची सोय असंल तर सांगा. मेथीचा वाफा पार उकरलाय भवान्यांनी.’’

‘‘नोंदवही?’’

‘‘न्हाई वो, त्यांना कुठं लिव्हता येतंय!’’

‘‘रात्री कुठं ठेवता?’’

‘‘डाल्याखाली. मुंगूस फिरतंय न्हवं.’’

साहेब लिहितात : पक्षी बंदिस्त, नोंदी नाहीत. आक्का नापास.

पास कोण होतं? ज्याच्याकडे संगणक, फाइल आणि तपासणीची फी भरायची ऐपत आहे तो. त्याच्या शेडमध्ये तुसावर हजारो कोंबड्या असतात. ‘पिंजरामुक्त’ म्हणजे पिंजरा नाही, एवढंच. ऊन दिसलंच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. पिल्लू असतानाच चोचीचं टोक छाटलेलं असलं तरी बऱ्याच दाखल्यांना ते चालतं. तरीही पिंजऱ्यातल्या कोंबडीपेक्षा ही सुखीच, आणि पिंजरे काढून जागेचा, खाद्याचा, माणसांचा जादा खर्च सोसणाऱ्या पोल्ट्रीवाल्याला चार पैसे जास्त मिळायलाच हवेत. त्याच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते दाखला कशाबद्दल मिळतो, याच्याशी. प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच आहे. म्हणजे डब्यावरचा शिक्का सांगतो काय, तर ‘आम्ही कायदा मोडत नाही’. उद्या वाणी ‘आमचं वजन चोख’ असं प्रमाणपत्र टांगून किलोमागं वीस रुपये जास्त मागेल, तेव्हा कुरकुर करू नका.

विधी आयोगानं २०१७मध्ये २६९ क्रमांकाचा आख्खा अहवाल कोंबड्यांवर लिहिला आणि दाखले राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यानं द्यावेत असं सुचवलं. मग २०१९मध्ये केंद्राच्या नियमांचा मसुदा आला. त्यात पिंजरा राहिला, आणि एका कोंबडीला जागा मिळाली किमान ५५० चौरस सेंटिमीटर. दाखला ज्यावर छापतात तो ए-फोर कागद जवळपास ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. कागदाला कोंबडीपेक्षा जास्त जागा! यावर मुंबईकर हसेल, पण त्यानं हसू नये. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरवर १४ ते १६ माणसं उभी असतात, असा रेल्वेचाच हिशेब आहे. सोळांनी भागा : माणशी ६२५. कोंबडीपेक्षा बरं, आणि कागदापेक्षा सेंटिमीटरभर जास्त. शिवाय अंडं देण्याची सक्ती नाही.

राहता राहिला दंड. १९६०च्या त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला किमान १० रुपये, कमाल ५०. सहा प्रमाणित अंड्यांचा डबा त्याहून महाग पडतो.