वाजवून बघितलं का?

माठ विकत घेताना आमची आई बोटाच्या पेराने तो चारही बाजूंनी वाजवते. बद्द वाजला की परत. अशा बाईला मी तोक्योत गोतो संग्रहालयातलं 'याबुरेबुकुरो' दाखवायला नेलं. नावाचा अर्थ फाटकी पिशवी. हे मिझुसाशी, म्हणजे चहाच्या समारंभात ताजं पाणी ठेवायचं भांडं. ते नेहमी मांडलेलं नसतं. त्या दिवशी होतं, हे माझं नशीब.

जेमतेम वीतभर उंच, पोट सुटलेलं, दोन्हीकडे कान, आणि खाली लांबूनही दिसेल अशी भलीमोठी भेग.

"हे फुटलंय रे," आई म्हणाली. तिच्या आवाजाने दोन जपानी माणसं दचकली.

मी हलक्या आवाजात व्याख्यान सुरू केलं. इगा भागातली माती, चारशे वर्षांपूर्वीचं काम. भट्टीत दिवसरात्र लाकडं जळतात, राख उडून भांड्यावर बसते आणि बाराशे अंशांच्या पुढे वितळून तिची काच होते. या हिरव्या काचेला म्हणतात बिदोरो. शब्द मूळचा पोर्तुगीज. (त्याच पोर्तुगिजांकडून आपण 'बादली' घेतली. ज्याची त्याची गरज.) आणि हे काळपट डाग म्हणजे कोगे.

"कोगे म्हणजे?"

"करपलेलं. भाताच्या खरवडीलाही इथे तेच म्हणतात."

"मग परवा माझा भात लागला, तेव्हा तोंड का वाकडं केलंस?"

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात तिचं बोट सवयीने काचेवर टकटकलं. रखवालदार आला आणि कमरेत वाकला. आई त्याच्याहून जास्त वाकली. तो आणखी वाकला. कुणाची तरी पाठ धरण्याआधी मी तिला बाजूला ओढलं.

मग हुकमाचं पान काढलं. फुरुता ओरिबे हा त्या काळचा चहाचा मोठा गुरू. हे भांडं देताना त्याने पत्र लिहिलं होतं : असं पुन्हा मिळायचं नाही, भेग मोठी आहे खरी, पण चालवून घ्यावी.

"म्हणजे तुळशीबागेतलाच कुणीतरी!" आई पहिल्यांदाच खुलली. "कुठंय ते पत्र?"

"१९२३च्या भूकंपात जळलं. भांडं तेवढं वाचलं."

आई भांड्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"बघ. पावतीच गेली," ती म्हणाली. "आता कोण बदलून देणार?"