कासवाची गॅरंटी

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईच्या माणसाला एकांताची उबळ येते. ती एकट्याला कधीच येत नाही, अख्ख्या व्हॉट्सॲप ग्रुपला एकदम येते. मग 'गर्दी नको रे, निवांत किनारा हवा' म्हणत ट्रॅव्हलर भरभरून मंडळी मंडणगड ओलांडतात आणि बाणकोटजवळच्या वेळास नावाच्या चिमुकल्या गावात उतरतात. एकांत हवा म्हणजे आपण सोडून बाकीचे नकोत, इतकंच.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. दिल्ली दरबारात कोण शिंकलं, हे ज्यांना पुण्यात बसून कळायचं, त्यांच्या गावात पाहुण्याचा पहिला प्रश्न असतो, "इथे नेटवर्क येतं का हो?" दुसरा, "कासव किती वाजता?"

आता कासवाचं असं आहे. ऑलिव्ह रिडलेची मादी थंडीच्या दिवसांत रात्री वाळूवर चढते, दीडेक फूट खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वर वाळू लोटून अंगानेच ती चोपते आणि समुद्रात परत जाते. पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरायची, माणसंही पळवायची. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'ने गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली. ज्या गावात अंडी विकली जायची, तिथे आता घरोघरी पाहुणे उतरतात. अंडी कुंपणाआडच्या वाळूत पुरायची आणि वाट बघायची. पन्नासएक दिवस लागतात. वाळू किती तापली यावर नुसते दिवसच नाहीत, पिल्लू नर की मादी हेसुद्धा ठरतं. इतका सगळा कारभार उन्हाच्या हातात. पाहुण्याला मात्र शनिवार संध्याकाळची गॅरंटी हवी. एक गृहस्थ तर फोनवर विचारत होते, "निघण्याआधी कन्फर्म करता येईल का?" कोणाकडून, अंड्याकडून?

सुदैवाने पिल्लं निघालीच, तर दोरीमागे चेंगराचेंगरी. ओल्या वाळूत ते बोटभर काळं पिल्लू चार पावलं टाकतं, दम खातं, पुन्हा वल्ही मारतं. समुद्राची ओळख त्याला व्हायची असते ती या चालीतच, असं जाणकार सांगत असतात. तेवढ्यात मागून आवाज येतो, "अहो, उचलून टाका ना पाण्यात, आम्हाला फेरी गाठायचीय!" पिल्लू उजेडाच्या दिशेने जातं, म्हणून टॉर्च लावू नका असं दहा वेळा सांगूनही कोणाचा तरी मोबाईल लखलखतोच. वर तक्रार, "हे उलटं का चाललंय?"

रात्री पंगतीत केळीच्या पानावर उकडीचे मोदक. एका ताईंना पनीर हवं होतं. त्यांचे यजमान त्या दिवशी एकही घरटं न फुटल्याने आधीच तापलेले. घरधनीण काकूंना म्हणाले, "मग आम्ही एवढ्या लांब येऊन बघायचं काय?"

तूप वाढता वाढता काकू म्हणाल्या, "समुद्र आहे की. तो सुट्टी घेत नाही."