शांतता सुलभ हप्त्यांवर

बदलापुरात शांतता आहे, असं बिल्डर सांगतो ते अगदी खरं आहे. सकाळी अकराच्या सुमाराला कात्रप, बेलवली, मांजर्ली, कुठल्याही गल्लीत जाऊन उभे राहा. पलीकडच्या इमारतीतली कुकरची शिट्टी स्वच्छ ऐकू येते. कुंपणावर भारद्वाज येऊन बसतो. वॉचमन खुर्ची सावलीत ओढतो, तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो. अडचण एवढीच की ही शांतता मिळावी म्हणून ज्याने वीस वर्षांचं कर्ज काढलं, तो माणूस त्या वेळी फोर्टात कुठल्या तरी ट्यूबलाइटखाली बसलेला असतो.

पहाटे पाचला गजर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून 68 किलोमीटर, फास्ट मिळाली तर दीड तास, नाही मिळाली तर देवाची मर्जी. रात्री नऊ-साडेनऊला घरी. मग जेवण, मुलाची वही, सासूबाईंची मालिका, आणि आडवं होणं. म्हणजे शांतता असते तेव्हा मालक नसतो, आणि मालक असतो तेव्हा तो घोरत असतो. जाहिरातीत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ लिहिलेलं असतं ते खोटं नाही. कोण सान्निध्यात, हे फक्त लिहिलेलं नसतं.

तर मग ही शांतता वापरतं कोण? पहिला मान वॉचमनचा. शांततेत बसण्याचा पगार मिळणारा गावातला हा एकमेव माणूस. दुसरे म्हणजे आजी-आजोबा. पण त्यांना ती नको आहे. आयुष्य गेलं लालबाग-परळच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. तिथे शेजारी भांडण झालं की इथे भाजी खाली लागायची, एवढी जवळीक. मुलाने हौसेने वन बीएचके घेतला, गॅलरीतून डोंगर दिसतो असं सांगून त्यांना आणलं. आजोबांनी डोंगर पहिल्या आठवड्यात बघून घेतला. डोंगर काही हलत नाही, बोलत नाही, पेपर मागायला येत नाही. आता ते टीव्ही मोठ्याने लावतात. त्यांना कमी ऐकू येतं अशी घरच्यांची समजूत आहे. ऐकू चांगलं येतं, ऐकायला काही नाही म्हणून आवाज वाढवलाय. संध्याकाळी ते रिक्षा करून स्टेशनवर जाऊन बसतात. कुणाला आणायला नव्हे. माणसं बघायला.

कारण गावातला सगळा आवाज तिथे असतो. पाचशे माणसं इमारतीत राहतात आणि एकमेकांना फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पाण्याचा टँकर आला का’ एवढंच विचारतात. समोरच्या दारावरची पाटी आपण वाचतो, माणूस पाहिलेला नसतो. पण सकाळच्या गाडीतल्या तिसऱ्या डब्यात बसणाऱ्या गोरेगावच्या कंपनीतल्या माणसाच्या मुलीला गणितात किती मार्क पडले, त्याच्या मेहुण्याने जमिनीत काय घोळ घातला, हे सगळं तोंडपाठ. वाढदिवसाचा केक गाडीत कापला जातो. टाळ-ढोलकीसह भजन गाडीत. बायकांच्या डब्यात डोहाळजेवण होतं, हळदीकुंकू होतं, आणि परतीच्या वाटेवर मांडीवर पिशवी घेऊन गवार निवडून होते. कल्याण जाईपर्यंत शिरा काढून तयार. घरी पोचल्यावर फोडणी तेवढी द्यायची. संसार गाडीत चालतो. बदलापुरातलं घर म्हणजे त्या संसाराची क्लोकरूम.

आणि भांडण? तेही तिथेच. अंबरनाथची मंडळी डाऊन गाडी पकडून बदलापूरला येतात आणि उतरतच नाहीत. ‘रिटर्न’ मारतात. बदलापूरकर फलाटावर उभा राहून गाडी आत येताना बघतो, तर खिडक्यांतून अंबरनाथ आधीच बसलेलं. मग जो संवाद होतो तो छापण्यासारखा नसतो. मजा अशी की गाडी भरून येते म्हणून अंबरनाथकर ज्याच्यावर ओरडतो, त्या बदलापूरकराला स्वतः वांगणीहून येणाऱ्या भरलेल्या कर्जत गाडीबद्दल हेच म्हणायचं असतं. प्रत्येकाला आपल्यानंतर आलेला माणूस उपरा वाटतो. मुंबईत जागा मिळाली नाही म्हणून इतक्या लांब आलेल्या माणसांत हा गुण इतका टिकून आहे, हे कौतुकास्पद आहे.

रेल्वेला या गर्दीचा अंदाज नव्हता असं म्हणता येत नाही. कल्याणहून खोपोलीकडे रूळ पडले 1856 साली. ते अर्थात तुमच्याआमच्यासाठी नव्हते. घाटावरचा कापूस मुंबईच्या बंदरात आणायचा होता. कापसाची सोय झाली, माणसांचं बघू, असं तेव्हा ठरलं असावं, आणि बघणं अजून चालू आहे. कर्जत ते लोणावळा या अवघड घाटात रेल्वेने डोंगर पोखरून तीन मार्ग टाकले. कल्याण ते कर्जत या सपाट जमिनीवर मात्र दोनच. त्यावरूनच पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस, त्यावरूनच मालगाड्या, त्यावरूनच आपण. संध्याकाळी लोकल बाजूला उभी करून एक्स्प्रेस पुढे काढतात. डेक्कन क्वीन 1930 सालची, तिचा वयाचा मान राखायला हवा. बाकीच्या मेलगाड्यांचं वय कुणी विचारू नये. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका 2019 मध्ये मंजूर झाली आहे. मंजुरी वेळेवर आली, गाडीसारखी उशिरा नाही. एवढ्यावर माणसाने समाधान मानायला शिकलं पाहिजे.

समाधानी शहर कधीकधी मात्र आवाज काढतं. 2022 च्या ऑगस्टमध्ये साध्या गाड्यांच्या जागी वातानुकूलित गाड्या घातल्या, तेव्हा कळवा आणि बदलापूरचे प्रवासी फलाटावर उभे ठाकले आणि नव्या दहा फेऱ्या मागे घ्यायला लावल्या. एरवी सोसायटीच्या वार्षिक सभेला गणसंख्या भरत नाही, अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा भरवावी लागते. गाडीसाठी फलाट भरला. आपलं गाव नेमकं कुठे आहे, हे लोकांना बरोबर कळतं.

आता रविवार. सहा दिवस विकत घेतलेली आणि न वापरलेली शांतता एका दिवसात वापरायची असते, आणि सगळे एकाच दिवशी वापरायला बसतात. सकाळी आठला वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू. त्याला एवढाच वार मिळतो, त्याचाही दोष नाही. खाली दोघेजण गाडी धुताहेत आणि धुतानाच गाणी लावलीत. समोर नवी इमारत उठतेय, तिचा काँक्रीट मिक्सर. मैदानात कुठल्या तरी चषकाचे सामने, समालोचक लाउडस्पीकरवर. त्याला स्वतःचा आवाज ऐकण्याची संधी आठवड्यातून एकदाच येते. गेटवर पाटी आहे: ‘दुपारी 2 ते 4 शांतता राखावी.’ सोमवार ते शनिवार ती पाटी पाळली जाते, कारण मोडायला कुणी घरी नसतं. शहाणे लोक रविवारी बाहेर पडायचं म्हणतात, तर मेगाब्लॉक.

याच शांततेच्या ओढीने 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं हे गाव 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. त्यानंतरची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे बाकीचे अधिकृतपणे आलेलेच नाहीत. इथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं. कागद घरी आला, झाड कुठे गेलं विचारू नका, तिथे आता स्टिल्ट पार्किंग आहे. उल्हास नदीकाठी ‘रिव्हर व्ह्यू’चा दर चौरस फुटाला जरा जास्त पडतो. 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना रबरी होड्या आणून काढावं लागलं, तेव्हा कोल्हापूरच्या तिकिटावर हा व्ह्यू फुकट मिळाला होता.

आमचे एक शेजारी परवा पेढे घेऊन आले. शेलूला टू बीएचके बुक केला. बदलापूर आता पूर्वीचं राहिलं नाही, म्हणाले, फार गजबज झालीय. त्यांच्या हातातल्या पत्रकावर डोंगर होता, नदी होती, पाठमोरं एक जोडपं होतं आणि ‘स्टेशनपासून 5 मिनिटे’ असं होतं. कुणाची मिनिटं, हे बिल्डर कधी सांगत नाही. मी अभिनंदन केलं, पेढा खाल्ला. ते निघाले, चपला घालता घालता वळले आणि आवाज खाली आणून विचारलं, कर्जतहून येणाऱ्या गाडीत शेलूला बसायला मिळतं का हो? म्हटलं, नेरळपर्यंत उलटं जाऊन बघा.