राजमान्य राजश्री फोर्स पुश यांसी

राजमान्य राजश्री सीनियर डेव्हलपर महाशय यांचे सेवेशी,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी आपण टीमच्या सामायिक ब्रँचवर जो फोर्स पुश केलात, त्याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक आभार. गिटने आपल्याला अडवून पाहिलं होतं. रिमोटवर तुमच्याकडे नसलेलं काम आहे, आधी ते घ्या, असं सांगून त्याने आपला पुश परत पाठवला. पण दुसऱ्याचं काम उतरवून घ्या, ते वाचा, कॉन्फ्लिक्ट सोडवा, ही हमाली आपण कशाला करावी? आपण कमांडला 'फोर्स' जोडलंत आणि लॅपटॉप मिटून घरी गेलात.

'फोर्स विथ लीज' असाही एक पर्याय असतो. आपण शेवटचं पाहिल्यानंतर ब्रँचवर आणखी कुणाचं काही आलं असेल, तर तो थांबतो. पण ब्रँचवर आणखी कुणी असतं, हेच मुळी आपल्याला मान्य नसावं.

आपल्या कमिट मेसेजबद्दलही ऋणी आहोत. 'फिक्स'. 'फिक्स २'. 'चेंजेस'. एवढ्या थोडक्यात सांगण्याची ही हातोटी! रात्री प्रॉडक्शन पडतं तेव्हा आम्ही हेच 'चेंजेस' उघडून बसतो आणि ही ओळ का बदलली असेल याचा अंदाज बांधतो.

शिवाय मागच्या महिन्यात आपण अख्ख्या प्रोजेक्टचं फॉरमॅटिंग बदललंत, आणि तेही बग फिक्सच्याच कमिटमध्ये. तेव्हापासून कुठली ओळ कुणी बदलली हे पाहायला ब्लेम काढला की जवळपास प्रत्येक ओळीवर आपलंच शुभनाम झळकतं. गावातल्या सगळ्या सातबाऱ्यांवर एका रात्रीत एकाच माणसाचं नाव चढावं, तसं झालंय. एका ओळीचा खरा बदल त्या ढिगाऱ्यात कुठे आहे, ते आम्ही अजून शोधतोय.

डेटाबेसचा पासवर्ड आपण कमिट केलात आणि पुढच्याच कमिटमध्ये काढून टाकलात, ही तत्परताही वाखाणण्याजोगी. फक्त तो जुन्या कमिटमध्ये तसाच राहिला. ज्याच्याकडे क्लोन आहे, त्याच्याकडे तो पासवर्ड आहे. बदलावा लागला तो आम्हालाच.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण शुक्रवारचं नाही.

त्या ब्रँचवर आपल्या टीममधली नवी मुलगी काम करत होती. कॉलेजातून थेट आलेली, पहिलीच नोकरी. रिफंडचा भाग तिच्याकडे होता. आपल्या पुशनंतर तिचे कमिट रिमोटवरून नाहीसे झाले. तिने आपल्याला फोन केला. आपण मोठ्या मनाने सल्ला दिलात: "रिसेट हार्ड मार, सगळं सिंक होईल." सर सांगताहेत म्हणून तिने मारला. तिच्या लॅपटॉपवरची शेवटची चांगली प्रतही आपल्या कृपेने गेली.

नंतर आम्ही दोघींनी तिच्या लॅपटॉपवरचा रिफ्लॉग, म्हणजे गिटची हालचालींची नोंदवही, उघडला. असे अनाथ झालेले कमिट गिट सहसा ३० दिवस तरी सांभाळून ठेवतं, म्हणून तिचे कमिट एकेक करून परत आणता आले. त्यातल्या एकाचा मेसेज मी आपल्यासाठी इथे उतरवते: 'गेटवेचा टाइमआउट झाल्यावर रिफंड दोनदा जात होता, म्हणून आधी व्यवहार क्रमांक तपासतो.' काय केलं आणि का केलं, दोन्ही एका ओळीत. दुपारी लिहिलेल्या टेस्ट मात्र तिने कमिट केल्या नव्हत्या. त्या रिफ्लॉगमध्ये नसतात. त्या गेल्या.

आणि सोमवारच्या स्टँड-अपमध्ये आपण काय म्हणालात? "नवीन आहे, तिच्याकडून काहीतरी झालं असेल." त्यावर तीच "सॉरी सर" म्हणाली. महाशय, हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोड परत आणता येतो. पण पहिल्याच नोकरीत, न केलेल्या चुकीची माफी मागावी लागलेल्या पोरीला पुन्हा पुश करायची भीती वाटते, आणि तिच्यासाठी रिफ्लॉग नाही.

असा घोळ आपणच पहिल्यांदा घातलात असंही नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये जेनकिन्स प्रकल्पातल्या एका डेव्हलपरच्या चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे १८६ रिपॉझिटरींवर साधारण दोन महिन्यांपूर्वीच्या प्रती फोर्स पुश झाल्या. प्रकल्पाने काय घडलं, कसं घडलं, ते जाहीर लिहिलं आणि इतिहास पुन्हा जागेवर आणला. आपली तर एकच ब्रँच होती.

मेन ब्रँचला आम्ही संरक्षण लावलं होतंच, आता सामायिक ब्रँचवरही फोर्स पुश बंद केला आहे. आपली गैरसोय होईल, क्षमस्व. ते सेटिंग आपल्यासाठी उघडलं जाणार नाही.

एक विनंती उरते. येत्या सोमवारच्या स्टँड-अपमध्ये, सगळ्यांसमोर, तिचं नाव घेऊन सांगा की तो पुश आपला होता आणि तो रिसेटही आपणच सांगितला होता. आणि त्या गेलेल्या टेस्ट तिच्या शेजारी बसून पुन्हा लिहा. रिव्ह्यू मी करीन.

कळावे,
आपली सहकारी