डबाबंद मावशी

"मलाही बाहुल्या फार आवडतात हो," असं कुणी कौतुकानं म्हटलं की बाहुलीमावशींच्या कपाळावर बारीकशी आठी उमटते. "हो का? कुठल्या?" एवढंच त्या विचारतात. समोरची बाई म्हणते, "बार्बी!" "कुठली बार्बी?" समोरची जरा बावचळून म्हणते, "ती... गुलाबी." मावशी मान डोलावतात आणि चहा टाकायला आत जातात. तो चहा बराच वेळ येत नाही.

पूर्वी या छंदातल्या माणसांची एकच तक्रार असे, की आपल्याला काही कळतच नाही असं लोकांना वाटतं. आता लोकांनाच सगळं कळायला लागलंय, आणि ही तक्रार पहिलीपेक्षा फार मोठी निघाली.

मावशी आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त, साठी उलटलेली, हिशेबाला चोख. सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांत एक कपाट आहे. त्यात साड्या असतात असा पाहुण्यांचा समज तीस वर्षं टिकून होता. साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत. कपाटात चारशेच्या वर बाहुल्या, आणि प्रत्येकीची नोंद एका लांबोडक्या रजिस्टरात. कधी, कुठून, कितीला, आणि "ह्यांना किती सांगितले" असा शेवटचा रकाना. ह्यांना म्हणजे काकांना. दोन रकान्यांतला फरक काढला तर एक छोटा प्लॉट निघेल.

या पंथातल्या प्रत्येकाकडे एकेकाळी एक सोयीची मुलगी असायची. म्हणजे दुकानदारानं विचारलं की सांगायला. मावशींनी दिवाळीच्या बोनसातून लक्ष्मी रोडवर साडीतली पहिली 'लिओ मॅटेल' बार्बी घेतली, ती भाचीसाठी. भाची तेव्हा जन्मायची होती. त्यांच्या मंडळींत मर्चंट नेव्हीतले एक गृहस्थ आहेत. ते कस्टमवाल्याला "मुलीसाठी" सांगत. मुलीचं लग्न होऊन ती कॅनडाला गेली तरी मुलीसाठीच चाललं होतं.

घरच्यांनी टोमणा मारला की मावशींचं एक हुकमी अस्त्र असे. दिल्लीचं बाहुल्यांचं संग्रहालय! व्यंगचित्रकार शंकर पिल्ले यांना हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला म्हणून एक बाहुली दिली. ती त्यांना इतकी आवडली की त्यांना बाहुल्या जमवायचा नादच लागला. नेहरूंच्या परदेश दौऱ्यांत पत्रकार म्हणून जात, तिथूनही ते बाहुल्या घेऊन येत. १९६५ मध्ये त्या बाहुल्यांचं संग्रहालय उभं राहिलं. "त्यांनी जमवल्या तेव्हा संग्रहालय झालं," मावशी म्हणत, "आणि मी जमवल्या की नाद." यावर काका पेपर वर करत.

पंथ म्हटला की पोटपंथ आलेच. इथे दोन आहेत, डबाबंद आणि डबाफोडे. डबाबंदांच्या मते बाहुली डब्यातून निघाली की बाटली. त्यांच्यात 'एनआरएफबी' ही सर्वोच्च पदवी, म्हणजे कारखाना सोडल्यापासून जिला वारा लागलेला नाही अशी. मावशी कडव्या डबाबंद. मनगटाला कारखान्यात बांधलेली तार अजून जशीच्या तशी आहे, हे त्या एखाद्या घराण्याचं चारित्र्य सांगावं तशा सांगतात. काकांनी एकदा सहज विचारलं, "गुदमरत नसेल का गं?" चार दिवस घरात अबोला होता.

डबाफोड्यांच्या पुढारी म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या बाहुली विकत घेतल्या क्षणी रिक्षातच डबा उघडतात. केस गरम पाण्यात बुडवून सरळ करतात, आणि साडेअकरा इंचांच्या त्या बयेला नऊवारी नेसवतात. खरीखुरी, शिवलेली नव्हे. टाचणीच्या टोकानं निऱ्या काढलेली, कासोटा घातलेली. हे दोन पंथ वीस वर्षं एकमेकींच्या घरी जेवून एकमेकींना नावं ठेवत आले. मग २१ जुलै २०२३ चा शुक्रवार उजाडला आणि समान शत्रू मिळाल्यामुळे एकी झाली.

त्या दिवशी ग्रेटा गेरविगचा 'बार्बी' लागला. जगभरात त्यानं १४० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, आणि त्यातले काही रुपये मावशींचेही आहेत याचं त्यांना आजही वाईट वाटतं. अख्खं थिएटर गुलाबी होऊन आलं होतं. मावशी मुद्दाम करड्या रंगाची साडी नेसून गेल्या. सुरुवातीलाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोहण्याच्या पोशाखातली पहिली बाहुली आली तेव्हा त्या शेजारच्या अनोळखी मुलीला म्हणाल्या, "एकोणसाठ सालची. तीन डॉलरला होती. तळपायाला भोकं होती, स्टँडवर उभी करायला." मुलगी म्हणाली, "ओ माय गॉड, आजी, सो क्यूट!" यातला कुठला शब्द जास्त लागला हे मावशी सांगत नाहीत.

खरा घाव पुढे बसला. पडद्यावर ॲलन आला. ॲलन म्हणजे १९६४ साली निघालेला केनचा मित्र. केनचे सगळे कपडे याला बसतात, ही डब्यावर छापलेली त्याची मोठी ओळख. एवढ्या जाहिरातीवर कुणाचं नशीब उघडत नाही, त्याचंही उघडलं नाही. नेव्हीवाल्यांनी तो कुठल्याशा बंदरावरून आणला होता. मावशींना तो अतिशय प्रिय, कारण त्याला दुसरं कुणी नव्हतं. आणि आता सगळं थिएटर त्याला हसत होतं, टाळ्या देत होतं, त्याच्यावर जीव टाकत होतं. मध्यंतरात मावशींनी पॉपकॉर्नही घेतलं नाही. घरी आल्यावर काकांना एवढंच म्हणाल्या, "सगळ्यांना ठाऊक झाला तो."

त्यानंतर काका बदलले. शनिवारवाड्याजवळच्या कट्ट्यावर, जिथे हा विषय त्यांनी आजवर राज्यगुपितासारखा दडवला होता, तिथे ते सांगू लागले, "आमच्याकडे चारशे आहेत." आमच्याकडे! जाऊबाई, ज्या दर गणपतीला "या वयात हे काय गं" म्हणायच्या, त्या नातीला बोटाला धरून आल्या. "एवढ्या आहेत तुझ्याकडे, एक देऊन टाक की पोरीला." मावशींनी धूर्तपणे आदल्या दिवशी मॉलमधून आणलेली एक नवी पुढे केली. पोरीनं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "ही नको. ती." मला विचाराल तर त्या घरात खरा दर्दी माणूस तीच होती.

पण सर्वांत हाल झाले ते जुन्या बाजारात. बुधवार-रविवारचा तो बाजार म्हणजे मावशींचं कार्यक्षेत्र. तिथली त्यांची पद्धत पाहण्यासारखी होती. नटबोल्ट, गंजक्या कड्या, बिनकाट्यांची घड्याळं अशा पसाऱ्यात एखादी केस पिंजारलेली बाहुली दिसली की मावशी तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. आधी पान्याचा भाव करायचा. मग बिजागरीचा. पान्यावर पाच मिनिटं घासाघीस करून निघताना, "बरं, ती मोडकी बाहुली टाक वर, पोराला खेळायला." घरात आता सोळा पाने आहेत.

सिनेमानंतरच्या रविवारी मी सोबत होतो. मावशींनी पान्याला हात घातला तोच विक्रेता म्हणाला, "मावशी, पाना राहू द्या. बाहुली बघा. व्हिंटेज आहे." मावशींचा हात हवेतच राहिला. त्यानं बाहुली पालथी केली आणि अंगठ्यानं धूळ पुसून दाखवली. "तारीखच छापलीये बघा. एकोणीसशे सहासष्ट. तीन हजार."

आता इथे शहाणा माणूस काय करील? "जास्त होतात" म्हणून निघून जाईल. पण तीस वर्षं ज्याला कुणी श्रोता मिळाला नाही त्या माणसाचं ज्ञान नळाच्या तोटीशी तुंबून बसलेलं असतं. मावशी तिथेच उकिडव्या बसल्या. "हे बघ, सहासष्ट म्हणजे धडाच्या साच्याचं साल. या कमरेचा हक्क त्या साली नोंदवला, आणि तोच शिक्का पुढे कितीतरी वर्षं मारत राहिले. खाली मलेशिया लिहिलंय, दिसलं? आता मान काढ. ओढ, काही होत नाही. आत कडेला बघ, शहात्तर. म्हणजे डोकं शहात्तरचं, कंबर सहासष्टची, आणि बाई नव्वदच्या दशकातली." विक्रेता भारावला. शेजारच्या घड्याळवाल्यानंही मान पुढे केली. मावशींनी केसांचा धागा, रंगवलेले ओठ, न वाकणारे हात, सगळं समजावलं, आणि बाहुली दोनशेला घेऊन विजयी मुद्रेनं उठल्या.

पुढच्या बुधवारी त्याच ताडपत्रीवर सहा बाहुल्या मांडलेल्या होत्या. सगळ्यांच्या माना काढून शेजारी ठेवलेल्या, आतलं साल गिऱ्हाइकाला दिसेल अशा. "मावशी, ही शहात्तर डोक्यातली, धाग्याचे केस ओरिजिनल," तो म्हणाला. "तुमच्यासाठी अठराशे."

डॉक्टरीणबाई अशा वेळी ब्लाइथची गोष्ट सांगून मावशींची समजूत घालतात. ब्लाइथ ही मोठ्या डोक्याची अमेरिकन बाहुली. मागची दोरी ओढली की डोळ्यांचा रंग बदलायचा, असे चार रंग. १९७२ साली निघाली, पोरं घाबरली, वर्षभरात बंद पडली. पुढे तिच्यामागे जगात मूठभर वेडे उरले. मग २००० साली जीना गारान या न्यूयॉर्कच्या बाईनं तिच्या फोटोंचं पुस्तक काढलं, जपानी जाहिरातीत ती झळकली, आणि त्या मूठभरांना परवडेनाशी झाली. "आपलं दुःख नवं नाही," डॉक्टरीणबाई म्हणतात. मावशींना याचा काडीचा उपयोग होत नाही. दुःख जुनं आहे म्हणून बाहुली स्वस्त होत नाही.

दरमहा पडदे ओढून चालणाऱ्या त्यांच्या बैठकीत आता नवी मंडळी येतात. एक विशीतली मुलगी तर दिव्याचं गोल कडं आणि तिपाई घेऊन येते आणि कॅमेऱ्यासमोर टराटरा डबे फाडते. मावशी त्या वेळी डोळे मिटून घेतात. "हौशी आहे," असं तिच्याबद्दल सांगताना 'हौशी' हा शब्द त्या असा उच्चारतात की ऐकणाऱ्यानं तिच्यापासून लांब राहावं.

आणि नेमकी तिनंच एकदा मोबाइलची बॅटरी पेटवून त्या पहिल्या, साडीतल्या, कधीही न उघडलेल्या डब्याच्या खिडकीशी धरली. "मावशी, हिचा कान हिरवा पडतोय."

खोलीत कुणी हललं नाही. कानातल्या धातूनं प्लास्टिक हिरवं पडणं हा या पंथातला दुर्धर रोग. एकदा लागला की पसरतो. औषध एकच, कानातलं काढायचं. आणि ते काढायचं तर डबा उघडायचा. मावशींनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. मोतीबिंदूवर ढकलता येतं का तेही पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "पडदे नीट ओढा."

शस्त्रक्रिया डॉक्टरीणबाईंनी केली, दातांच्या चिमट्यानं. डब्याचं झाकण उघडलं तेव्हा आतून जुन्या प्लास्टिकचा गोडूस वास आला. काका दारात उभे होते, पण ते काही बोलले नाहीत, हे त्यांच्या संसाराचं फलित. कानाला मुरुमांवरचं मलम लावून बाहुली उन्हात ठेवायची, हा उपायही त्या हौशी मुलीनंच सांगितला. तो पंथात सगळ्यांना माहीत होता. तरी मावशींनी तिला तो शेवटपर्यंत सांगू दिला. माझ्या मते एवढं औदार्य त्यांनी काकांच्या बाबतीतही दाखवलेलं नाही. गच्चीवर पापडांच्या शेजारी ती बया साडी नेसून तीन आठवडे ऊन खात होती.

पुढे लबुबूची साथ आली. कासिंग लुंग या चित्रकाराचं हे दातवालं, केसाळ ध्यान २०१५ पासून होतं. पण ब्लॅकपिंक या कोरियन बँडच्या लिसानं २०२४ मध्ये ते मिरवलं आणि जग वेडं झालं. डब्यात कुठला निघेल हे फोडेपर्यंत कळत नाही, म्हणजे डबाबंदांचा धर्मच बुडाला. बीजिंगमध्ये २०२५ च्या जूनमध्ये चार फुटांहून उंच लबुबू लिलावात दहा लाख युआनच्या वर गेला, ही बातमी काकांनी मोठ्यानं वाचली. मावशी म्हणाल्या, "मीठ कमी झालंय का आमटीत?"

पण मावशी हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. परवा मंडईतून येताना त्यांनी फूटपाथवरून दीडशे रुपयांना एक लबुबू आणला. मी म्हटलं, "मावशी, तुम्हीसुद्धा?" त्या हसल्या. "खऱ्याला नऊ दात असतात. याचे मोज." अकरा होते. डोकंही थोडं मागेपुढे होतं. "नक्कल आहे. खरे सगळे जपून ठेवतील, नकली सगळे फेकून देतील. तीस वर्षांनी हे मिळणार कुठे?" रजिस्टरात नवं पान काढून त्या दातांच्या संख्येसाठी रकाना आखत होत्या, तेवढ्यात त्यांची भाची आली. तीच, जिच्या जन्माआधी तिच्या नावानं पहिली बाहुली घेतली होती. "अय्या, लाफुफू!" ती म्हणाली. "मावशी, तूपण? आमच्या ऑफिसात सगळे आता नकलीच जमवतात. ओरिजिनलचा कंटाळा आला लोकांना."

मावशींनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अकरा दातांचा आहे का त्यांच्यात कुणाकडे?" त्यांनी विचारलं.